दुपारी मोजणी चुकते, त्यात इन्फ्रारेड एलईडीचा वाटा किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत नॉक-आउटनंतर, म्हणजे साचा फोडून ओतीव माल बाहेर काढल्यावर, पट्ट्यावरून जाणारी कास्टिंग मोजायची आहेत. एका बाजूला ५ मिलिमीटरचा, ९४० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड एलईडी आहे आणि ६० सेंटीमीटरवर समोर फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे प्रकाश पडला की करंट सोडणारा रिसीव्हर. एलईडीला सलग १०० मिलिअँपिअर करंट दिलाय. सकाळच्या पाळीत आकडा बरोबर येतो, दुपारी दोननंतर कमी भरतो. उन्हानं आणि भट्टीच्या धगीनं एलईडी मंदावतो का, आणि करंट वाढवला तर काम होईल का?

एलईडी मंदावतो, पण तुमची मोजणी त्यामुळे कमी भरत नाही. करंट वाढवून उपयोग नाही. उलट तो कमी करावा लागेल आणि रिसीव्हर बदलावा लागेल.

आधी एलईडीचा हिशोब करू. गॅलियम आर्सेनाइडच्या जातीतली चिप तापली की तिचा बँडगॅप, म्हणजे प्रकाश देताना इलेक्ट्रॉन जी ऊर्जेची पायरी उतरतो ती, थोडा आकसतो. त्याचे दोन परिणाम लगेच मोजता येतात. एलईडीवरचं व्होल्टेज दर अंशाला दीड ते दोन मिलिव्होल्टनं उतरतं आणि प्रकाशाची तरंगलांबी दर अंशाला ०.२ ते ०.३ नॅनोमीटरनं वाढते. तिसरा परिणाम तुमच्या कामाचा आहे. तापलेल्या चिपमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) एकत्र येताना प्रकाश न देता नुसती उष्णता देण्याचं प्रमाण वाढतं, त्यामुळे तेवढ्याच करंटला प्रकाश कमी मिळतो. टीएसएएल ६२०० हा बाजारात सहज मिळणारा ५ मिलिमीटरचा एलईडी घेतला तर त्याच्या डेटाशीटमध्ये ही घट दर अंशाला ०.६ टक्के दिली आहे.

हा आकडा चिपच्या तापमानाला लागतो, हवेच्या नाही. त्याच एलईडीचा जंक्शन (चिपचा प्रकाश देणारा भाग) ते हवा असा उष्णतेचा रोध वॉटमागे २३० अंश आहे. १०० मिलिअँपिअरला त्यावर साधारण १.३५ व्होल्ट असतात, म्हणजे १३५ मिलिवॉट. त्याला २३०नं गुणलं की चिप आजूबाजूच्या हवेपेक्षा ३१ अंश जास्त तापलेली निघते. सकाळी एलईडीच्या डब्यात २२ अंश असतील तर चिप ५३ अंशांवर असते. दुपारी पत्र्याच्या शेडखाली, भट्टीच्या बाजूला, बंद डब्यात ५५ अंश होणं काही विशेष नाही. तेव्हा चिप ८६ अंशांवर जाते. कमाल मर्यादा १०० आहे. दोन्ही वेळांमधला फरक ३३ अंशांचा, म्हणजे प्रकाशात १८ ते २० टक्क्यांची घट. पाचवा हिस्सा, एवढंच. तेवढ्यानं एखादी मांडणी कोलमडत असेल तर ती पहिल्या दिवसापासूनच काठावर चालत होती. लेन्सवर भट्टीखात्यातली काळी धूळ बसली तरी प्रकाश याहून जास्त घटतो.

आता आकडा जास्त भरतो की कमी, ते बघा. निदान इथूनच होतं. झोत अडला की एक मोजायचं, अशी तुमची रचना आहे. एलईडी मंद झाला तर रिसीव्हरला झोत पुरेसा दिसणार नाही आणि समोर काही नसताना त्याला ‘अडलंय’ असं वाटेल. मग काठावरच्या थरथरीमुळे आकडा जास्त भरेल किंवा एकाच जागी अडकून राहील. तुमचा आकडा कमी भरतोय. म्हणजे कास्टिंग मध्ये असतानाही रिसीव्हरला ‘प्रकाश आहे’ असं वाटतंय. मंद एलईडी असं करू शकत नाही. रिसीव्हरमध्ये कुठून तरी जादा करंट येतोय.

तो तीन ठिकाणांहून येऊ शकतो आणि तिन्ही गोष्टी दुपारीच जोर धरतात.

पहिली म्हणजे फोटोट्रान्झिस्टरचा अंधारातला करंट, म्हणजे प्रकाश नसतानाही होणारी गळती. या एलईडीची तीव्रता १०० मिलिअँपिअरला स्टेरेडियनमागे (घनकोनाच्या एककामागे) किमान ४० मिलिवॉट आहे. अंतराच्या वर्गानं, म्हणजे ०.३६नं भागलं की ६० सेंटीमीटरवर चौरस मीटरला सुमारे ११० मिलिवॉट पोचतात. साध्या फोटोट्रान्झिस्टरमधून त्यावर जेमतेम दहा-वीस मायक्रोअँपिअर निघतात. मग पुरेसा व्होल्टेज-फरक मिळावा म्हणून लोक कलेक्टरला (फोटोट्रान्झिस्टरचा पाय, झोत अडला की त्याचं व्होल्टेज चढायला हवं) ४७० किलोओहम किंवा थेट १ मेगाओहम लावतात. सकाळी ते छान चालतं. पण अशा फोटोट्रान्झिस्टरचा अंधारातला करंट २५ अंशांना १०० नॅनोअँपिअरपर्यंत असू शकतो आणि दर २५-३० अंशांना तो सुमारे दहापट होतो. ६० अंशांना तो दीड-दोन मायक्रोअँपिअरवर गेला की १ मेगाओहमवर दीड-दोन व्होल्ट नुसत्या गळतीनंच पडतात. ५ व्होल्टच्या सर्किटमध्ये कलेक्टर तीन व्होल्टच्या आसपास लोंबकळत राहतो, पुढच्या गेटला किंवा कंपॅरेटरला हवी ती ‘हाय’ पातळी मिळतच नाही आणि कास्टिंग न मोजता निघून जातं. तीच गळती १० किलोओहमवर फक्त वीस मिलिव्होल्ट होते. म्हणून मोठा रेझिस्टर लावून पल्ला वाढवण्याची युक्ती उष्ण जागी करू नये.

दुसरं कारण खुद्द कास्टिंग. सव्वापाचशे अंशांच्या वर गेलेली वस्तू अंधारात मंद लाल दिसू लागते. त्या लालीबरोबर ९०० नॅनोमीटरच्या आसपासचा इन्फ्रारेड भरपूर बाहेर पडतो आणि सिलिकॉनच्या रिसीव्हरला तो उत्तम दिसतो. कास्टिंग झोत अडवतं खरं, पण स्वतःच प्रकाशही देतं. ३०० अंशांवरच्या कास्टिंगनं हा त्रास होत नाही, लालसर असलेल्यानं नक्की होतो. लाइन भरात आली की मोल्ड लवकर फोडले जातात आणि पट्ट्यावर जास्त गरम माल येतो. दुपारी चूक वाढण्यामागे हेही असू शकतं.

तिसरं कारण पश्चिमेकडचं दार. दोन-अडीचनंतर ऊन तिरपं आत येतं आणि त्यात इन्फ्रारेडचा भरणा असतो. रिसीव्हरच्या पश्चिम बाजूला पुठ्ठा आडवा धरून अर्धा तास आकडा बघा. सुधारला तर तापमानाचा विषय तिथंच संपला.

गळती कुठं आहे ते शोधायला एक भाग तापवायचा, बाकीचे थंड ठेवायचे. मल्टिमीटर कलेक्टरवर लावा. तापमानासाठी के-टाइप थर्मोकपल त्या भागाला कापडी टेपनं चिकटवा. आधी एलईडीची वायर काढून ठेवा, रिसीव्हरचं तोंड काळ्या टेपनं झाका आणि केस वाळवायच्या ड्रायरनं रिसीव्हरला मागच्या बाजूनं, १५-२० सेंटीमीटरवरून ६० अंशांपर्यंत तापवा. समोरून तापवू नका, ड्रायरमधली लाल तार रिसीव्हरला दिसते आणि सगळी चाचणी फसते. कलेक्टरचं व्होल्टेज ५ वरून साडेतीन-तीनवर घसरलं तर गळती सापडली. मग तो भाग थंड होऊ द्या, टेप काढा, एलईडी जोडा आणि फक्त एलईडीला मागून तापवा. या वेळी फोटोट्रान्झिस्टरचा करंट पंधरा-वीस टक्क्यांनी उतरलेला दिसेल. पण कलेक्टर आधीच पूर्ण खाली दाबलेला असेल तर ही घट व्होल्टेजमध्ये दिसत नाही. म्हणून या चाचणीपुरता कलेक्टरचा रेझिस्टर बदलून व्होल्टेज मधोमध आणा. १०० ते २२० किलोओहममध्ये ते जमतं.

चाचणी करता करता एलईडीत आणखी एक दोष दिसू शकतो, तो इथंच सांगतो. काही एलईडी गरम झाले की पूर्ण बंद पडतात आणि थंड झाले की पुन्हा पेटतात. हा मंदपणा नाही. चिपवरून आलेली केसासारखी सोन्याची तार सुटलेली असते आणि पारदर्शक इपॉक्सी फुगलं की ती चिपपासून दूर जाते. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवला तर चांगला इन्फ्रारेड एलईडी १ ते १.१ व्होल्ट दाखवतो. ड्रायरनं तापवत राहिलं की आकडा शांतपणे उतरत जायला हवा, ४० अंशांच्या वाढीला साठ-सत्तर मिलिव्होल्ट. मध्येच मीटर ‘ओपन’ दाखवू लागला तर तो एलईडी टाकून द्या. हा दोष बहुतेक वेळा बसवतानाच तयार होतो. पाय बुडख्यापासून वाकवलेले असतात, किंवा सोल्डर करताना सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकलेलं असतं. वाकवायचं ते बुडख्यापासून ३ मिलिमीटर सोडून आणि सोल्डर करण्याआधी. सोल्डर २६० अंशांना, बुडख्यापासून किमान २ मिलिमीटरवर, पाच सेकंदांच्या आत. सोल्डर गरम असताना एलईडी सरळ करायला हात लावायचा नाही.

मोबाइलच्या कॅमेऱ्यातून ‘पेटतोय का’ बघतात, त्याबद्दलही एक गोष्ट. ८५० नॅनोमीटरचा एलईडी डोळ्यांनाही मंद लाल दिसतो आणि कॅमेऱ्यात झगझगीत. ९४०चा डोळ्यांना अजिबात दिसत नाही आणि मागच्या कॅमेऱ्यात बहुधा फिल्टर असल्यामुळे फिका दिसतो किंवा दिसतच नाही. पुढच्या कॅमेऱ्यानं बघा. आणि त्यावरून एवढंच कळतं की एलईडी चालू आहे. वीस टक्क्यांची घट कॅमेऱ्यात कळत नाही.

आता करंट वाढवण्याबद्दल. १०० मिलिअँपिअर ही या एलईडीची सलग करंटची कमाल मर्यादा आहे, आणि तुमच्या डब्यात तर चिप आत्ताच ८६ अंशांवर आहे. १३० केले तर दुपारी जंक्शन १०० अंशांच्या दाराशी पोचेल, आणि नुसत्या जादा उष्णतेनंच आणखी पाच-सहा टक्के प्रकाश जाईल. पण खरी हानी नंतर दिसते. तापमानामुळे झालेली घट दोन प्रकारची असते. एक थंड झाल्यावर भरून येते, दुसरी येत नाही. चिप जितकी गरम आणि करंट जितका जास्त, तितके आतल्या स्फटिकातले दोष लवकर वाढतात आणि काही महिन्यांनी सकाळच्या थंड वेळीही एलईडी पूर्वीइतका प्रकाश देत नाही. सकाळचं मापही वर्षभरापूर्वीपेक्षा खाली गेलं असेल तर एलईडी म्हातारा झाला म्हणायचा.

काहीजण रेझिस्टर वाचवण्यासाठी ५ व्होल्टवर तीन एलईडी एका माळेत लावतात, तेही उष्ण जागी महागात पडतं. तीन एलईडींचे ४.०५ व्होल्ट गेले की रेझिस्टरला ०.९५ व्होल्ट उरतात. ४० अंश तापमान वाढलं की तिघांचं मिळून २१६ मिलिव्होल्ट उतरतं आणि ते सगळं रेझिस्टरवर येतं, म्हणजे करंट जवळजवळ पाव भागानं वाढतो. वाढलेला करंट आणखी तापवतो. एकच एलईडी आणि ४७ ओहम असेल तर तेवढ्याच फरकानं करंट फक्त दोन टक्के वाढतो. एकाच रेझिस्टरवर दोन एलईडी समांतर लावू नका. जो जरा जास्त तापतो त्याचं व्होल्टेज उतरतं, मग तोच जास्त करंट ओढतो आणि आणखी तापतो.

उपाय म्हणजे सलग प्रकाश सोडून ३८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३८ हजार वेळा, ठोके देणारा प्रकाश वापरणं. असा रिसीव्हर फक्त त्या ठोक्यांकडे बघतो. ऊन, लाल कास्टिंग आणि अंधारातली गळती ही सगळी स्थिर किंवा सावकाश बदलणारी असते, ती आतल्या फिल्टरमध्ये अडते. संवेदनशीलतेतला फरकही मोठा आहे. अशा रिसीव्हरला चौरस मीटरला अर्ध्या मिलिवॉटपेक्षाही कमी प्रकाश पुरतो. तुमचे ११० मिलिवॉट म्हणजे गरजेच्या दोनशेपटीहून जास्त. त्यातला पाचवा हिस्सा उन्हाळ्यात गेला काय आणि राहिला काय, रिसीव्हरला कळणारही नाही.

मात्र दोनशेपट प्रकाश ठेवायचा नाही. एवढा प्रकाश असला की तो पट्ट्याच्या चकचकीत कडेवरून, शेजारच्या पत्र्यावरून उडून कास्टिंगला वळसा घालून रिसीव्हरपर्यंत पोचतो आणि झोत अडलेलाच दिसत नाही. पुन्हा आकडा कमी. म्हणून करंट २० मिलिअँपिअरवर आणा. ५ व्होल्टवर, मध्ये बीसी ५४७ ट्रान्झिस्टर धरून, १८० ओहम बसतो. तीव्रता साधारण पाचव्या हिश्श्यावर येते, म्हणजे ६० सेंटीमीटरवर २२ मिलिवॉट, गरजेच्या चाळीसपटीहून थोडी जास्त. दुपारची घट वजा करून पस्तीसपट, आणि धुळीनं निम्मा प्रकाश खाल्ला तरी सतरापट उरते. चिपची स्वतःची उष्णता ५-६ अंशांवर येते, तीही ठोके सलग दिले तर कमीच. एलईडी आणि रिसीव्हर दोघांनाही १० सेंटीमीटर लांबीची, आतून काळी मॅट केलेली नळी लावा, म्हणजे उडालेला प्रकाश बाजूनं शिरत नाही.

रिसीव्हर निवडताना एक चूक फार होते. टीव्हीच्या रिमोटसाठी बनवलेला टीएसओपी १७३८ घेऊन त्यावर सलग ३८ किलोहर्ट्झ सोडतात. हा रिसीव्हर न थांबणाऱ्या संकेताला गोंगाट समजतो आणि आपली संवेदनशीलता आपोआप कमी करत नेतो, त्यामुळे काही वेळानं झोत असूनही तो ‘नाही’ म्हणू लागतो. एक तर झोत अडवण्याच्या कामासाठीचा, संवेदनशीलता न बदलणारा टीएसएसपी ४०३८ घ्या, किंवा रिमोटवाल्यालाच तुकड्यातुकड्यानं संकेत द्या. ०.६ मिलिसेकंद ठोके, म्हणजे सुमारे २३ आवर्तनं, आणि दर ५ मिलिसेकंदांनी पुन्हा. पट्ट्याचा वेग सेकंदाला ३० सेंटीमीटर आणि कास्टिंग ५ सेंटीमीटरचं असेल तर ते १६७ मिलिसेकंद झोतात असतं, म्हणजे तेवढ्यात ३३ तुकडे जातात. सलग तीन तुकडे आले नाहीत तर ‘अडलंय’, सलग तीन आले तर ‘मोकळं’, असा नियम प्रोग्रॅममध्ये ठेवा. वाळूचा उडालेला कण मग मोजला जाणार नाही.

३८ किलोहर्ट्झ एनई ५५५ या टायमर आयसीवरून काढणार असाल तर कपॅसिटर नीट निवडा. उष्णतेनं बिघडलेल्या सर्किटचं खापर एलईडीवर फुटतं आणि दोष अनेकदा या चार आण्याच्या भागात असतो. ‘१०३’ छापलेले स्वस्त सिरॅमिक चकत्या-कपॅसिटर बऱ्याचदा वाय५व्ही किंवा झेड५यू जातीचे असतात. वाय५व्हीला ८५ अंशांपर्यंत ८२ टक्के धारकता गमावण्याची मुभाच आहे, ५५-६० अंशांना तिसरा हिस्सा जाणं सहज घडतं. तसं झालं की ३८ किलोहर्ट्झचे पन्नासच्या पुढे जातात. रिसीव्हरचा पट्टा मात्र मध्यापासून पाच टक्के इकडे, पाच टक्के तिकडे एवढाच. एलईडी पूर्ण तेजात असतो आणि रिसीव्हरला तो जवळजवळ ऐकू येत नाही. १ नॅनोफॅरडचा सी०जी (तापमानानं जवळजवळ न बदलणारा) सिरॅमिक किंवा पॉलिप्रॉपिलीन लावा. ३.३ किलोओहम, त्यापुढे १५ किलोओहम आणि ५ किलोओहमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), बाकीचे रेझिस्टर मेटल फिल्मचे. प्रीसेट साधारण मध्यावर ३८ देतो. क्रिस्टलवर चालणारा मायक्रोकंट्रोलर वापरला तर ही काळजीच नाही.

तरंगलांबीच्या सरकण्याची चिंता इथं करू नका. ३३ अंशांना सात-दहा नॅनोमीटर सरकतात आणि सिलिकॉनच्या रिसीव्हरला ९०० ते ९७० सगळं जवळपास सारखंच दिसतं. दहा नॅनोमीटरचा अरुंद फिल्टर लावून मोजमाप करणाऱ्यांनाच त्याचा विचार करावा लागतो.

डब्याकडे लक्ष द्या, तिथं फुकटात १५-२० अंश वाचतात. १२ व्होल्टवरून ५ करणारा ७८०५ त्याच डब्यात असेल तर १०० मिलिअँपिअरला तो ०.७ वॉट उष्णता आत सोडतो, एलईडीच्या पाचपट. तो पॅनेलमध्ये न्या. डबा काळा नको, आणि पट्ट्याच्या तापलेल्या लोखंडी चौकटीला थेट बोल्ट करू नका. मध्ये बेकलाइटची पट्टी घाला. भट्टीच्या बाजूला अॅल्युमिनियमचा पत्रा २०-२५ मिलिमीटर हवेची जागा सोडून उभा करा, धग तिथंच परत फिरते. एलईडीची उष्णता मुख्यतः पायांतून निघते, म्हणून पाय आखूड ठेवा आणि पीसीबीवर त्यांच्याखाली तांब्याची जागा जास्त सोडा. नळीच्या तोंडाला साधी काच चालते, ९४० तिच्यातून आरपार जातो. फाउंड्रीत कॉम्प्रेसरची हवा असतेच. पाण्याचा सापळा लावून तिची बारीक धार नळीत सोडा, म्हणजे बेंटोनाइट (साच्याच्या वाळूतली माती) आणि कोळशाची भुकटी काचेवर बसत नाही आणि पावसाळ्यात काचेवर दमटपणाही धरत नाही.

सर्किट बसवून झालं की पहाटे एकदा आणि दुपारी तीनला एकदा एलईडीचा करंट, एलईडीवरचं व्होल्टेज आणि डब्यातलं तापमान मोजा. प्रकाशाचा साठा किती उरलाय ते बघायला नळीसमोर साध्या पांढऱ्या कागदाचे तुकडे एकावर एक धरत जा, आणि किती कागदांनंतर रिसीव्हरला झोत दिसेनासा होतो ते मोजा. हे आकडे तारखेसह डब्याच्या झाकणाच्या आत मार्करनं लिहून ठेवा. सहा महिन्यांनी त्याच वेळेला, त्याच कागदानं पुन्हा मोजा. काच पुसल्यावरही दोन कागद कमी लागत असतील तर एलईडी बदला. नवा एलईडी त्याच पार्ट नंबरचा आणि त्याच कोनाचा घ्या. त्याच्या जागी चुकून रुंद कोनाचा बसला तर करंट तोच राहतो आणि समोर पोचणारा प्रकाश चौथाईवर येऊ शकतो.